फ्लेक्सो प्लेटचं यूव्ही एक्सपोजर आणि उष्णता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की मेसेज सुरू होतात, "तीच प्लेट, तोच टाइम, तरी रिलीफ कमी येतोय, काय करू?" (रिलीफ म्हणजे छापणाऱ्या भागाची तळापासूनची उंची.) मे संपेपर्यंत हेच चालतं, मग पाऊस पडला की प्रश्न बदलतात पण मूळ दुखणं तेच. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळे प्रश्न इथे एकत्र टाकलेत. हे सगळं फ्लेक्सो छपाईच्या शीटच्या फोटोपॉलिमर प्लेटबद्दल, म्हणजे प्रकाशाने पक्क्या होणाऱ्या रबरी ठशांबद्दल आहे, प्रेसवरच्या यूव्ही शाईबद्दल नाही, तो विषय वेगळा. आकडे माझ्या अंदाजाने वापरता येतील असे दिलेत, पण तुमच्या प्लेटच्या डेटाशीटवर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा, माझं नाही.

1. प्लेट यूव्हीने पक्की होते ना, मग उष्णतेचा संबंध कुठे येतो?

पक्की यूव्हीच करतो, बरोबर आहे. प्लेटमध्ये रबरासारखं पॉलिमर असतं, त्यात मोनोमर मुरलेला असतो आणि चिमूटभर फोटोइनिशिएटर. 365 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पडला की इनिशिएटर तुटतो आणि मोनोमर एकमेकांना पकडायला लागतात. पण एकदा हे सुरू झालं की ते किती वेगाने चालणार हे मटेरियल किती गरम आहे त्यावर जातं. गरम प्लेट आतून सैल असते, मोनोमर पटापट हलतो, त्यामुळे तेवढ्याच सेकंदात जास्त काम होतं. त्याच वेळी हवेतला ऑक्सिजनही गरम प्लेटमध्ये जास्त वेगाने शिरतो आणि ऑक्सिजन तर हीच रिअ‍ॅक्शन अडवतो. म्हणजे खाली फ्लोअर (प्लेटचा पक्का झालेला तळ) वर चढतो आणि वर बारीक डॉटचं (छापणाऱ्या ठिपक्यांचं) काय होईल ते प्लेटगणिक बदलतं, एकाच उष्णतेचे दोन उलटे परिणाम, म्हणून नुसता टाइम कमी-जास्त करून हे सुटत नाही.

2. आमच्या ट्यूब हाताला फार गरम लागत नाहीत, मग एवढी उष्णता येते कुठून?

सगळ्यात आधी ट्यूबमधूनच. 60 वॉटच्या 20 ट्यूब म्हणजे 1200 वॉट, घरची इस्त्री चालू करून पेटीत ठेवून झाकण लावल्यासारखं आहे ते. यातला थोडाच भाग कामाचा यूव्ही होतो, बाकीची सरळ उष्णता. आणि जो यूव्ही होतो तोही प्लेटमध्ये जिरला की शेवटी उष्णताच होतो हे लोक विसरतात.

एक हिशोब करून बघा. बेडवर (प्लेट ठेवतात त्या पाट्यावर) 18 मिलीवॉट प्रति चौरस सेंटीमीटर मिळतंय आणि 10 मिनिटं मेन एक्सपोजर (चित्राच्या बाजूने द्यायचा प्रकाश) दिलं, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळपास 11 जूल पडले. 1.14 मिलीमीटरच्या प्लेटचा एक चौरस सेंटीमीटर तुकडा भरतो एक दशांश ग्रॅमच्या थोडा वर. हे सगळे जूल त्या तुकड्यात अडकून राहिले असते तर तो 50 अंशांच्या आसपास तापला असता. प्रत्यक्षात तेवढा तापत नाही कारण काही प्रकाश परत फिरतो आणि उष्णता खाली बेडमध्ये आणि वर हवेत जात राहते. बेडचं खरं काम हेच, नुसती प्लेट धरून ठेवणं नाही.

तिसरा स्रोत खुद्द प्लेट. मोनोमर जोडले जाताना उष्णता सोडतात आणि ती बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यात, जेव्हा रिअ‍ॅक्शन जोरात असते. चौथा स्रोत चोक, जुन्या मशीनमध्ये तांब्याचे चोक बेडच्या खालीच बसवलेले असतात आणि ते गपचूप बेड तापवत राहतात.

3. मग बेडचं टेंपरेचर नेमकं किती ठेवायचं, एक आकडा सांगा ना.

मी 32 धरतो. 30 ते 35 मधलं काहीही चालेल. पण एक आकडा मागणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न असतो की सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तुमच्या बेडवर किती असतं? 26 आणि 41 असं उत्तर आलं तर 32 हा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. 34 वर दिवसभर स्थिर राहणारा बेड मला 28 वरून 38 ला पळणाऱ्या बेडपेक्षा कधीही परवडेल, कारण स्थिर असेल तर टाइम एकदा टेस्ट करून बसवता येतो. फरक दिवसभरात 2 ते 3 अंशांच्या आत ठेवा, पुढची निम्मी उत्तरं तुम्हाला लागणारच नाहीत.

4. सकाळची पहिली प्लेट आणि दुपारची सहावी प्लेट सारखी का येत नाही? सेटिंगला कोणी हात लावलेला नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि यात बहुतेक वेळा ऑपरेटरवर शंका घेतली जाते, बिचाऱ्याने काही केलेलं नसतं.

सकाळी दोन गोष्टी थंड असतात, ट्यूब आणि बेड. थंड ट्यूब पूर्ण यूव्ही देत नाही, आणि थंड बेडवरची प्लेट हळू पिकते, दोन्ही एकाच दिशेने खेचतात. दुपारपर्यंत ट्यूब गरम होऊन तिच्या सगळ्यात चांगल्या टप्प्यावर येते, कधी पुढेही जाते (प्रश्न 6), बेड तर तापतच राहतो. म्हणून पहिल्या प्लेटला रिलीफ जास्त, सहाव्या प्लेटला कमी. चार रंगांचा जॉब असेल आणि सायन सकाळी, ब्लॅक दुपारी केली असेल तर प्रेसवाला म्हणणार, "या दोन प्लेट एकाच प्लेटरूममधल्या आहेत का?"

हे तुमच्याकडे होतंय का ते बघायला एक साधी टेस्ट आहे. एकाच शीटमधून दोन पट्ट्या कापा. एक पट्टी सकाळी बेड थंड असताना बॅक एक्सपोजरच्या (फ्लोअर तयार करायला प्लेटच्या मागून द्यायच्या प्रकाशाच्या) पायऱ्या देऊन करा, म्हणजे 10, 20, 30, 40 सेकंद असं जे तुमच्या प्लेटला लागू असेल तसं. दुसरी पट्टी चार-पाच प्लेट काढून झाल्यावर लगेच, त्याच पायऱ्यांनी. दोन्ही एकत्र वॉशआउट करा (न पिकलेला भाग सॉल्व्हंटने धुऊन काढा), एकत्र वाळवा, पूर्ण वाळल्यावरच मायक्रोमीटरने प्रत्येक पायरीचा फ्लोअर मोजा आणि दोन रकाने शेजारी लिहा. मधला फरक म्हणजे तुमच्या उष्णतेची किंमत. घाईत ओल्या प्लेटवर मोजलंत तर सॉल्व्हंटने फुगलेली जाडी मोजाल, मग टेस्टला अर्थ नाही.

5. वॉर्म-अप किती मिनिटं द्यायचा? आम्ही दोन मिनिटं देतो.

ट्यूबसाठी दोन ते पाच मिनिटं ठीक आहेत, मीटर लावून बघा, आकडा वर चढायचा थांबला की झालं. पण बेडला दोन मिनिटांत काही होत नाही, तो लोखंडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा जाड पाटा आहे. चिलर किंवा हीटर असलेल्या बेडला आधी त्याच्या सेट टेंपरेचरवर येऊ द्या आणि मगच पहिली प्लेट टाका. तसं नसेल तर एक रिकामं एक्सपोजर मारा, पूर्ण टाइमचं. वीज वाया जाते असं मालक म्हणतील, एक खराब प्लेट किती रुपयांना पडते ते त्यांना दाखवा.

दोन जॉबमध्ये अर्धा-पाऊण तास गेला असेल तर परत वॉर्म-अप लागतो, हेही लोक सोडून देतात.

6. ट्यूब जितकी गरम तितका यूव्ही जास्त, बरोबर ना?

नाही. या ट्यूब आपल्या जुन्या ट्यूबलाइटच्याच जातीच्या आहेत, आत पारा, आतल्या भिंतीवर पावडर, पाऱ्याचा 254 नॅनोमीटरचा प्रकाश पावडर घेते आणि 350 ते 370 च्या घरात बाहेर देते. पाऱ्याची वाफ किती तयार होणार हे ट्यूबच्या सगळ्यात थंड जागेवरून ठरतं, ती जागा 40 अंशांच्या आसपास असताना उतारा (बाहेर पडणारा यूव्ही) सगळ्यात चांगला मिळतो. त्याहून थंड असेल तर वाफ कमी, त्याहून गरम असेल तर वाफ जास्त होते आणि स्वतःचाच प्रकाश स्वतः गिळायला लागते. म्हणून बंद पेटीत सलग दोन-तीन जाड प्लेट काढल्यावर मीटरचा आकडा खाली येताना दिसतो. लोकांना वाटतं ट्यूब गेली, नवीन सेट मागवतात, आणि खरं कारण असतं एक्झॉस्टच्या जाळीवर साचलेली धूळ.

गंमत म्हणजे अशा वेळी ट्यूब कमी देते आणि बेड जास्त गरम असतो, दोन्ही एकमेकांना थोडंफार झाकतात, आणि फ्लोअर बरोबर आला म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. मेन एक्सपोजरमध्ये 2 टक्क्यांचे डॉट गळायला लागले की मग कळतं.

7. टेंपरेचर गन मारली तर बेड 24 दाखवते, हाताला तर चांगला गरम लागतो. गन खराब आहे का?

गन ठीक आहे, बेड चकचकीत आहे. ही गन वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं मोजते आणि घासलेला धातू ती फार कमी सोडतो, वर आरशासारखी छताची नाहीतर ट्यूबची परत फेकतो, म्हणजे तुम्ही बेड सोडून भलतंच मोजताय. बेडच्या कोपऱ्यात जिथे प्लेट येत नाही तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, गन टेपवर मारा. प्लेटवर थेट मारली तर चालते कारण पॉलिमर चमकत नाही.

बेडवर एकाच जागी मोजू नका. चार कोपरे आणि मध्य, पाच जागा. बहुतेक मशीनला मध्य गरम आणि कडा गार असतात, आणि कागदावर लिहून ठेवलंत तर कळेल की मोठ्या प्लेटच्या मधला रिलीफ नेहमी कमी का येतो.

यूव्ही मीटरचंही तसंच, प्रोब गरम बेडवर विसरून चहाला गेलात तर परत आल्यावर येणारा आकडा सोडून द्या. ठेवा, वाचा, उचला.

8. उष्णतेचा त्रास बॅक एक्सपोजरलाच जास्त का दिसतो? मेनला तर दहा-बारा मिनिटं लागतात.

म्हणूनच. मेन एक्सपोजर लांब असतं, दोन टक्के इकडेतिकडे झालं तरी बहुतेक जागी प्लेट पूर्ण पिकलेली असते, फरक फक्त बारीक डॉट आणि रिव्हर्समध्ये (रंगातून कोऱ्या सोडलेल्या अक्षरा-रेषांत) दिसतो. बॅक एक्सपोजर सेकंदांचा खेळ आहे. शिवाय तो सरळ रेषेत चालत नाही, पहिले काही सेकंद प्लेटमधला ऑक्सिजन आणि स्टॅबिलायझर संपवण्यात जातात, तोपर्यंत जवळपास काहीच होत नाही, आणि एकदा ते संपले की फ्लोअर भराभर वर येतो. गरम प्लेटमध्ये हे सगळंच लवकर उरकतं, पण तुमचं टाइमर तर तेवढाच वेळ चालतं, म्हणजे उरलेले सगळे सेकंद फ्लोअर वाढवण्यात.

1.70 मिलीमीटरची प्लेट, फ्लोअर 1.00, रिलीफ 0.70 असा तुमचा हिशोब असेल आणि गरम बेडमुळे फ्लोअर 1.10 झाला तर रिलीफ 0.60 राहिला. लेबलला कदाचित खपून जाईल. कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) बॉक्सवर नाही खपत, तिथे बोर्ड वरखाली असतो आणि प्रेशर वाढवलं की फ्लोअरच छापायला लागतो.

9. कोरुगेटेडच्या जाड प्लेटला वेगळं काही करायचं का?

हो, वेळ द्यायचा. उष्णता रबरातून आरपार जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. 1.14 ची प्लेट आणि 3.94 ची प्लेट, जाडी साडेतीन पट, पण आतली उष्णता बाहेर पडायला वेळ बारा पट. 1.14 ची प्लेट पंधरा-वीस सेकंदांत बेडच्या टेंपरेचरला येते, 3.94 ला दोन-तीन मिनिटं लागतात, 6.35 ला त्याहून किती तरी जास्त. आणि हे बेडला नीट चिकटलेली असताना, खाली हवा राहिली असेल तर विसराच.

त्यामुळे एसीच्या खोलीतून आणलेली जाड प्लेट थेट बेडवर टाकून लगेच बॅक एक्सपोजर मारलं तर आतलं मटेरियल अजून गारच असतं, आणि मेन एक्सपोजरनंतर लगेच उलटवून बॅक मारलं तर उलट. जाड प्लेट बेडवर टाका, व्हॅक्यूम लावा, तीन-चार मिनिटं नुसती राहू द्या, मग ट्यूब चालू करा. माझ्या एका ओळखीच्या प्लेटरूममध्ये द्राक्षांच्या बॉक्सच्या सीझनला एवढा एकच बदल केला आणि परत येणाऱ्या प्लेट जवळपास थांबल्या.

10. फिल्म लावून करायची जुनी प्लेट आणि लेझरवाली डिजिटल प्लेट, उष्णतेचा त्रास कुठल्या प्लेटला जास्त?

दोघींना, पण वेगवेगळा.

फिल्मवाल्या प्लेटवर चित्राची फिल्म दाबून धरायला व्हॅक्यूम शीट असते आणि ती पांघरुणासारखी उष्णता आत धरते. फिल्मही तापते आणि लांब होते, प्लेट आणि फिल्म वेगवेगळ्या वेगाने, त्यामुळे मोठ्या साइझला कडेचे डॉट थोडे सरकलेले किंवा दुहेरी दिसतात. प्लेट गरम झाली की वरचा थर चिकट होतो, फिल्म चिकटते, हवेचे फुगे अडकतात. व्हॅक्यूम लावल्यावर रोलरने हवा बाहेर काढा आणि शीट जुनी होऊन पिवळी पडली असेल तर फेका, पिवळी शीट यूव्ही खाते, मग तुम्ही टाइम वाढवता, मग उष्णता वाढते.

डिजिटल प्लेटवर व्हॅक्यूम शीट नाही म्हणून हवा लागते आणि थोडी गार राहते. पण तिच्यावर काळा थर असतो (लेझर तोच जाळून चित्र लिहितो), आणि काळं काय करतं ते मे महिन्यात काळा शर्ट घातलेल्याला विचारा. शिवाय वर उघडी हवा म्हणजे ऑक्सिजनचा खेळ चालू, तो प्रश्न 12 मध्ये.

11. आमचं मशीन जुनं आहे, चिलर नाही, नवीन घ्यायला बजेट नाही. काय करू शकतो?

बरंच काही. पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी: एक्झॉस्ट आणि ब्लोअरची जाळी आठवड्याला साफ करा. मशीन भिंतीला चिकटवलेलं असेल तर हातभर पुढे ओढा, गरम हवा बाहेर पडायला जागा पाहिजे. पत्र्याच्या शेडखाली मशीन असेल तर दुपारी बारा ते चार नाजूक स्क्रीनची (बारीक ठिपक्यांच्या छटांची) कामं घेऊ नका, त्या वेळात लाइन आणि अक्षरांच्या प्लेट काढा. सगळ्या प्लेटचं बॅक एक्सपोजर एकाच टेंपरेचरला, एका दमात उरकून घ्या आणि मग मेनकडे वळा, म्हणजे एका जॉबच्या सगळ्या रंगांचा फ्लोअर तरी सारखा येईल. एका जॉबचे सगळे रंग सलग, मध्ये दुसऱ्याची अर्जंट प्लेट घुसवायची नाही. हे शेवटचं सांगायला सोपं आणि पाळायला अवघड, मला माहितीये.

दोन मेन एक्सपोजरमध्ये बेड टेपवर मोजा आणि ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तर थांबा, ड्रॉवर उघडा, ट्यूब बंद. टाइम धरून विश्रांती देऊ नका, जानेवारीत पाच मिनिटं पुरतात आणि मे मध्ये पंधरा.

थोडे पैसे असतील तर चोक मशीनच्या बाहेर काढून घ्या किंवा इलेक्ट्रॉनिक चोक बसवा, दोन्ही इलेक्ट्रिशियनकडूनच. तांब्याचा चोक उष्णताही देतो आणि व्होल्टेज हललं की ट्यूबचा उताराही हलवतो.

आणि बेडवर ओलं फडकं, बर्फाची पिशवी, थेट एसीचा झोत, हे तिन्ही लोकांनी करून मला फोटो पाठवलेत. नका करू. बेड एका जागी गार आणि दुसरीकडे गरम झाला की सगळीकडे गरम असण्यापेक्षा वाईट.

12. उष्णता वाढू नये म्हणून 12 मिनिटांचं मेन एक्सपोजर चार-चार मिनिटांच्या तीन तुकड्यांत दिलं तर?

फिल्मवाल्या प्लेटला, व्हॅक्यूम न सोडता, फारसं बिघडत नाही. डिजिटल प्लेटला देऊ नका. ट्यूब चालू असताना वरचा ऑक्सिजन रिअ‍ॅक्शनमध्ये खर्च होत असतो आणि नवीन शिरत असतो, यांचा एक तोल असतो, त्यावरच डॉटचा आकार ठरतो. ट्यूब बंद केली की खर्च थांबतो पण शिरणं चालूच राहतं, परत चालू केल्यावर आधी तो ऑक्सिजन संपवा मग पुढे. गरम प्लेटमध्ये तर तो आणखी झटपट शिरतो. एकूण मिनिटं तेवढीच दिसतात पण हायलाइटचे (फिक्या भागातले) डॉट बारके आणि कमजोर निघतात. ज्या प्लेटवर ऑक्सिजन अडवणारी फिल्म लॅमिनेट केलेली असते तिला हा त्रास बराच कमी. पण तुकडे करण्यापेक्षा बेड गार ठेवायचा खर्च करा.

13. एक्सपोजर चालू असताना मध्येच लाइट गेली. प्लेट वाचेल का?

प्रश्न 12 मधलंच कारण, फक्त मर्जी तुमची नाही. बॅक एक्सपोजरमध्ये गेली असेल तर उरलेले सेकंद मोजून देण्याचा मोह होतो, पण लाइट येईपर्यंत प्लेटमध्ये काय बदललं ते तुम्हाला माहीत नाही आणि ट्यूबही आता थंड. त्या प्लेटचा नाजूक जॉबसाठी भरवसा नाही, बाजूला ठेवा, साध्या लाइन कामाला वापरा, तीही कोपरा टेस्ट करून. मेन एक्सपोजरच्या शेवटच्या एक-दोन मिनिटांत गेली असेल तर बहुतेक वाचते, वॉर्म-अप करून उरलेला टाइम द्या आणि वॉशआउटनंतर भिंगाखाली हायलाइट बघा. अर्ध्यात गेली आणि स्क्रीनचा जॉब असेल तर नवीन प्लेट.

लाइट गेल्यावर ब्लोअर आणि चिलरही बंद होतात, आणि तापलेल्या पेटीत प्लेट शिजत राहते. ड्रॉवर लगेच बाहेर ओढा, फक्त प्लेटवर ऊन किंवा पांढरी ट्यूबलाइट पडू देऊ नका.

14. पावसाळ्यात चिलर लावला की बेडला घाम येतो. मशीन खराब?

चिलर फार खाली सेट केलाय. खोलीत 30 अंश आणि ओलावा 80 टक्के असेल तर 26 च्या खालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं, आणि कोकणात नाहीतर वसई-भिवंडीकडे जुलैत हे रोजचंच. बेड 18 वर ठेवणाऱ्यांना मला विचारायचंय की एवढा गार करून मिळवायचं काय होतं? 30 च्या वर ठेवा, घाम येणार नाही. प्लेटखाली थेंब राहिला तर प्लेट सपाट बसत नाही, त्या जागी उष्णता वेगळी जाते, आणि खाली वायरिंग आहे हे तर आहेच.

चिलरमध्ये बोअरचं पाणी भरू नका. क्षार बसून नळ्या आतून बारीक होतात, पॅनलवर 30 दिसतं आणि बेड 37 असतो. माझ्याकडे अख्खा एप्रिल असा गेला, मी ट्यूबला, प्लेटला, नवीन मुलाला, सगळ्यांना दोष देऊन झाला आणि शेवटी नळीतून चुन्याचे खडे निघाले. तेव्हापासून डिस्टिल्ड पाणी, आणि पॅनलच्या आकड्यावर विश्वास नाही, टेपवर गन.

15. एलईडी एक्सपोजर मशीन घेतलं की उष्णतेचा प्रश्न संपतो म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. एलईडीचा प्रकाश 365 च्या आसपास एका अरुंद पट्ट्यात असतो, सोबत ट्यूबसारखी फुकटची उष्णता प्लेटवर फेकली जात नाही. वॉर्म-अप नाही, उतारा दिवसभर सारखा. पण उष्णता नाहीशी झालेली नाही, ती एलईडीच्या मागच्या बाजूला निघते आणि पाण्याने किंवा हवेने वाहून न्यावी लागते, ते बिघडलं की एलईडीचा उतारा पडतो आणि आयुष्यही. दुसरं, एलईडीचा जोर ट्यूबपेक्षा किती तरी जास्त असतो, मोनोमर थोड्या वेळात जोडले जातात, म्हणजे प्रश्न 2 मधली प्लेटची स्वतःची उष्णता एकदम बाहेर येते. म्हणून अशी मशीन प्लेटवरून प्रकाशाची पट्टी फिरवतात, बऱ्याचदा अनेक फेऱ्यांत. ट्यूबवरचे टाइम आणि टेंपरेचरचे हिशोब इथे जसेच्या तसे आणू नका, टेस्ट शून्यापासून करा.

खालून आणि वरून एकाच वेळी एक्सपोजर देणारी एलईडी मशीनही आहेत. तिथे प्रश्न 4 मधला सकाळ-दुपारचा गोंधळ फारसा उरत नाही. किंमत बघून मात्र घाम येतो.

16. रजिस्टर (रंगावर रंग बसणं) जुळत नाहीये, प्लेट लांब झाल्यासारखी वाटते. एक्सपोजरची उष्णता का?

क्वचित. प्लेटच्या खाली पॉलिएस्टरची फिल्म असते, ती प्रत्येक अंशाला मीटरमागे 0.017 मिलीमीटर वाढते. म्हणजे 10 अंशांनी तापलेली 1 मीटरची प्लेट 0.17 मिलीमीटर लांब होते, आणि गार झाली की परत जागेवर येते. ही वाढ त्रास देते ती एकाच ठिकाणी, बॅक एक्सपोजर करून गरम प्लेट लगेच लेझरच्या ड्रमवर चढवली तर. चित्र लांब झालेल्या प्लेटवर लिहिलं जातं आणि नंतर प्लेटबरोबर आखडतं, दुसरा रंग गार प्लेटवर लिहिला असेल तर जुळणार कसा? वीस मिनिटं सपाट टेबलावर राहू द्या.

कायमची आखडण्याची जागा ड्रायर. पॉलिएस्टर 70 च्या पुढे मऊ पडायला लागतं आणि बनवताना दिलेला ताण सोडून आकसतं, ते परत येत नाही. ड्रायर 60 ला ठेवा आणि आतलं टेंपरेचर वेगळ्या थर्मामीटरने तपासा, लवकर वाळावं म्हणून कोणीतरी नॉब 70 ला फिरवून ठेवलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय.

17. ड्रायरमधून काढलेली प्लेट लगेच पोस्ट एक्सपोजर (धुऊन वाळवल्यावरचा शेवटचा यूव्ही) आणि फिनिशिंगला टाकली तर चालते का?

नका टाकू. आत सॉल्व्हंट उरलेला असतो, जाडी अजून खाली आलेली नसते, त्या अवस्थेत पक्की केलीत तर वरखाली जाडी कायमची. गार होऊ द्या, बहुतेक प्लेटला रात्रभर विश्रांती सांगितलेली असते. 254 नॅनोमीटरचं फिनिशिंग फक्त वरचा चिकटपणा घालवायला असतं. गरम प्लेटवर किंवा जास्त वेळ दिलंत तर वरचा थर कडक होतो आणि सिलिंडरवर गुंडाळताना बारीक भेगा पडतात. चिकटपणा गेला नाही म्हणून टाइम दुप्पट करण्याआधी प्लेट पूर्ण वाळली होती का ते बघा.

18. सॉल्व्हंट न लागणारी थर्मल प्लेट तर उष्णतेनेच धुतली जाते, तिला एक्सपोजरच्या वेळी उष्णता चालते?

नाही चालत, नावाने फसू नका. तिथे एक्सपोजर झाल्यावर न पिकलेलं पॉलिमर तापवून वितळवतात आणि कापडाच्या रोलने टिपून घेतात. पिकलेलं आणि न पिकलेलं यातली सीमा मात्र आधी यूव्हीनेच आखलेली असते, ती सीमा गरम बेडने सरकवलीत तर नंतरचं मशीन निमूटपणे चुकीच्या जागेपर्यंत टिपणार.

19. मे महिन्यात ट्रान्सपोर्टमधून आलेल्या कच्च्या प्लेटचा खोका हाताला गरम लागतोय. वापरू का?

आधी खोका न उघडता खोलीत एक दिवस ठेवा, सपाट, वर काही न ठेवता. कच्चं पॉलिमर गरमीत हळूहळू वाहतं, खोक्यावर वजन असेल तर कडा दबून जाडी बदलते. उघडल्यावर कडेपासून दोन इंच आत आणि मध्ये जाडी मोजा, फरक प्लेटवाल्याने सांगितलेल्या मर्यादेबाहेर असेल तर फोटो काढून परत पाठवा. जाडी ठीक असेल तर प्रश्न 4 मधली पट्टी एकदा त्या खोक्यासाठी करून घ्या. गोडाऊन 30-32 च्या वर जात असेल तर प्लेट तिथे ठेवूच नका, ऑफिसात ठेवा, एसी साहेबांना लागतो त्याहून जास्त तिला लागतो.

20. दादा, इंटरलॉकला (ड्रॉवर उघडला की ट्यूब बंद करणाऱ्या स्विचला) चिमटा लावून ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून एक्सपोजर दिलं तर बेड छान गार राहतो. यात काही धोका आहे का?

आहे, डोळ्यांचा. या यूव्हीने लगेच काही जाणवत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दोन दिवस उजेड सहन होत नाही. फिनिशिंगच्या 254 च्या ट्यूबसमोर तर काही सेकंदही नको, तिथे कातडीही भाजते. शिवाय उघड्या बाजूने हवा आत येऊन प्लेटची एक कड गार पडते, म्हणजे ज्यासाठी केलं तेही मिळत नाही. चिमटा आजच काढा आणि प्रश्न 11 परत वाचा.